उपाशीपोटी तुपाने गुडघ्याची सूज उतरते का?

‘तुपामुळे आतड्यात एक हार्मोन सुटतं आणि सूज उतरते, असं वाचून आई रोज सकाळी तीन चमचे तूप घेते. गुडघ्याला फरक पडेल का?’ असं तुम्ही विचारलंय. मी नर्सिंगच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे हा विषय रोजच्या ओळखीचा. हार्मोनचं खरं आहे. गुडघ्याचं कुणी जोडलं कोण जाणे.

हे हार्मोन म्हणजे कोलेसिस्टोकायनिन. स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचले की तिथल्या पेशी ते सोडतात. 1928 साली ते सापडलं तेव्हा त्याचं एकच काम ठाऊक होतं, पित्ताशय पिळून पित्त बाहेर काढायचं. पुढे कळलं की ते व्हेगस नर्व्हलाही चाळवतं. ही नस मेंदूपासून आतड्यापर्यंत जाते, आणि तिच्या वाटेने निघालेला निरोप दाह (म्हणजे सूज आणणारी शरीराची प्रतिक्रिया) पेटवणाऱ्या पेशींना आवरतो.

2005 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी हे उंदरांवर तपासलं. भरपूर स्निग्धांश असलेलं अन्न नळीने पोटात घालून मग रक्तस्राव घडवला. उपाशी उंदरांपेक्षा यांच्या रक्तात दाहाची रसायनं बरीच कमी निघाली. खरी गंमत पुढे आहे: हार्मोनचा परिणाम औषधाने अडवला किंवा व्हेगस कापली, की तुपातेलाचा सगळा फायदा गायब! म्हणजे रस्ता हाच.

पण हा प्रकार काही तासांचा, आणि तोही मोठ्या आघाताच्या वेळचा. माणसांत आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी, चालू असताना आणि नंतर असं अन्न नळीने देऊन पाहिलं. 2018 मध्ये निकाल आला, आतडं जोडलेल्या टाक्यांमधून होणारी गळती काही कमी झाली नव्हती. शिवाय रोजच भरपूर स्निग्ध खाल्लं तर उलटही होऊ शकतं. आतड्यातल्या जंतूंच्या कवचाचे तुकडे चरबीच्या कणांवर बसून रक्तात शिरतात आणि दाह धुमसत राहतो.

वरणभातावरचं तूप आईंना खाऊ द्या, चवीला. सकाळचे तीन चमचे थांबवा, गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक विचारायचं राहिलं: त्यांच्या पित्ताशयात खडे तर नाहीत ना? असतील तर हेच हार्मोन पित्ताशय पिळेल आणि पोटात अशी कळ येईल की गुडघा विसरायला होईल.