ट्रेडिंग शिकण्यासाठी ६० हजार देऊन वन-टू-वन मेंटॉर लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २८, सोलापुरात नोकरी, दीड वर्षापासून निफ्टीचे कॉल-पुट ऑप्शन विकत घेताय, त्यात लाखभर गेले, खात्यात अजून २ लाख आहेत. एक सर तीन महिन्यांच्या वन-टू-वन मेंटॉरशिपचे ६० हजार मागतायत, 'लाइव्ह मार्केटमध्ये सोबत बसून शिकवतो' म्हणतात. द्यावेत का?

या अटींवर देऊ नका. पण मेंटॉरच नको, असं मी सांगणार नाही. मी स्वतः मुंबईत एका प्रॉप डेस्कवर (कंपनीच्याच पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या विभागात) एका मुरलेल्या ट्रेडरच्या शेजारी बसून शिकलो. आता अधूनमधून काही जणांच्या ट्रेडच्या नोंदी वाचून देतो. एकास एक शिकण्यात किती ताकद आहे ते मी पाहिलंय, आणि म्हणूनच त्या नावाखाली जे विकलं जातंय त्याचा मला मनापासून राग येतो.

आधी फीचा हिशेब करू. ६० हजार या २ लाखांतूनच दिलेत तर हाती १ लाख ४० हजार उरतात. तिथून परत २ लाखांवर यायला जवळपास ४३ टक्के नफा हवा. आता बाजाराची स्थिती बघा. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास जाहीर केला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. खर्च वजा जाता १ लाखाच्या वर नफा कमावणारे होते फक्त १ टक्का. हे सर तुम्हाला त्या १ टक्क्यात नेऊन बसवण्याची भाषा करतायत, तेही तीन महिन्यांत आणि त्यांच्या स्वतःच्या खिशाला कसलीही झळ न बसता.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या डेस्कवर भांडवल कंपनीचं होतं. मला शिकवणाऱ्यांना सगळे 'भाई' म्हणायचे. डेस्कच्या नफ्यात त्यांचा वाटा होता, त्यामुळे मी मूर्खासारखा ट्रेड केला की त्यांचाही पैसा जायचा. या धंद्यातलं शिकवण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणही याच जातीचं आहे. १९८३ च्या अखेरीस शिकागोच्या रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या ट्रेडरमध्ये ट्रेडर घडवता येतो की नाही, यावरून वाद झाला. डेनिसने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं निवडली, दोन आठवडे नियम शिकवले आणि मग ट्रेडिंगसाठी त्यांच्या हाती स्वतःचे पैसे दिले. हेच पुढे 'टर्टल' म्हणून प्रसिद्ध झाले. पैसा गुरूकडून शिष्याकडे गेला, ही त्यातली गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या व्यवहारात तो उलटा वाहतोय. तुम्ही शिकलात काय, बुडालात काय, सरांचे ६० हजार पक्के.

म्हणून फी घेणारा प्रत्येक जण लबाड ठरत नाही. मीही नोंदी वाचण्याचे पैसे घेतो. फक्त पैसे कशाचे देतोय हे आपल्याला नीट कळलं पाहिजे.

संध्याकाळी बाजार बंद झाला की भाई माझ्या दिवसभराच्या ट्रेडचा प्रिंट समोर घेऊन बसायचे. चार्ट नाही, नुसता प्रिंट: वेळ, भाव, क्वांटिटी. "हा का घेतलास?" "हा इतक्या उशिरा का सोडलास?" "इथे क्वांटिटी अचानक दुप्पट का?" मला उत्तर देता आलं नाही की त्या ओळीवर पेनने गोल करायचे आणि पुढे जायचे. नफ्यातल्या ट्रेडवरही गोल पडायचे, हे सुरुवातीला माझ्या पचनी पडत नव्हतं. महिनाभराने गोल केलेल्या ओळी एकत्र काढल्या तर तोट्याचा मोठा भाग तिथेच सापडायचा. तालमीतला वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहून तुमचा पाय कुठे चुकीचा पडतो ते बघतो, तुमच्या वतीने कुस्ती खेळत नाही. एकास एक शिकण्याची खरी किंमत या बघण्याची आहे. बाकी इंडिकेटर, पॅटर्न, ऑप्शनचे ग्रीक्स हे सगळं फुकट मिळतं.

एक उदाहरण देतो, आकडे सोपे करून. एका शिक्षकांनी मला शंभर ट्रेड पाठवले आणि विचारलं, 'यापेक्षा चांगला इंडिकेटर कोणता?' शंभरातले ६० नफ्यात, सरासरी नफा ८०० रुपये. ४० तोट्यात, सरासरी तोटा १,९००. म्हणजे ४८ हजार आले, ७६ हजार गेले, खर्च वेगळा. साठ टक्के वेळा बरोबर येणाऱ्या माणसाच्या एंट्रीत फारसा दोष नसतो. मी तोट्याचे ट्रेड मोठ्यापासून लहानापर्यंत लावले. वरचे अकरा सगळे ॲव्हरेज केलेले होते, भाव पडला की अजून एक लॉट (ऑप्शनचा ठरलेला गठ्ठा) घेतलेला. त्या अकरांनी ४८ हजार खाल्ले होते. उरलेल्या २९ ट्रेडचा मिळून तोटा २८ हजार.

मग त्यांना सांगितलं की आता नफ्यातले साठ बघा आणि त्यातले ॲव्हरेज केलेले वेगळे काढा. तसे बरेच निघाले. रोग होता तो इथे. ॲव्हरेज केलेला ट्रेड बहुतेक वेळा वाचतो, थोडा नफा देऊन बाहेर काढतो आणि मनाला सवय लावून जातो. मग एखाद्या एक्सपायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी, तो वाचत नाही आणि महिन्याची कमाई एका दुपारी घेऊन जातो. त्या माणसाला स्वतःला हे दिसणं जवळजवळ अशक्य होतं, कारण त्याच्या आठवणीत वाचलेले ट्रेड जास्त होते. पुढचे दोन महिने त्यांना एकच काम दिलं: ॲव्हरेज बंद, बाकी काहीही बदलायचं नाही. तोटा आटला. मोठा नफा झाला नाही, आणि तो होईल असं मी कबूलही केलं नव्हतं.

नुसता अनुभव हे शिकवत नाही, यालाही पुरावा आहे. ब्राझीलमध्ये निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये डे-ट्रेडिंग करणाऱ्यांचा अभ्यास झाला होता. ३०० पेक्षा जास्त दिवस टिकून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते, आणि टिकून राहिल्याने कामगिरी सुधारल्याचं काही दिसलं नाही. 'मार्केटमध्ये वेळ दे, येईल' हा सल्ला त्यामुळे मला धोक्याचा वाटतो. आपल्या ट्रेडकडे कुणी तरी, निदान आपण स्वतः, त्रयस्थपणे पाहत नसू तर तीच चूक नुसती पाठ होत जाते.

आता 'लाइव्ह मार्केटमध्ये सोबत बसून' याबद्दल. ऐकायला हा भाग सगळ्यात आकर्षक वाटतो, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. सर म्हणाले 'आता घे', तुम्ही घेतलं, नफा झाला. यात तुम्ही काय शिकलात? तीन महिने संपले की तो आवाजही संपतो. शिवाय नुसतं शिकवायला सेबीची नोंदणी लागत नाही, पण अमुक घ्या, तमुक विका असं फी घेऊन सांगणं हा सल्ला झाला, आणि त्याला इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर किंवा रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने हेही स्पष्ट केलं की फक्त शिक्षण देतो म्हणणाऱ्याने शेअरचं नाव घेऊन पुढचा भाव किंवा सल्ला सुचवण्यासाठी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. तुमच्या सरांना नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या वेबसाइटवर तपासा. 'मी फक्त एज्युकेशन देतो' असं उत्तर आलं, तर मग लाइव्ह सोबत बसून नेमकं काय करणार, हा पुढचा प्रश्न.

'माझी स्वतःची सिस्टीम देतो' यालाही भुलू नका. बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्सपायरीवर किती तरी जणांनी कोर्स उभे केले होते. नियम बदलले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती साप्ताहिक एक्सपायरीच बंद झाली. ज्यांनी सिस्टीम विकत घेतली होती त्यांच्या हाती काही राहिलं नाही. ज्यांना आपली रिस्क मोजायला येत होती ते दुसरीकडे वळले.

नफ्याच्या स्क्रीनशॉटबद्दल फार लिहीत नाही, तुम्हालाही ते माहीत असणार. पण खराखुरा स्क्रीनशॉटसुद्धा पुरावा नव्हे. दोन खात्यांत उलटसुलट पोझिशन घ्यायची आणि जिंकलेलं खातं दाखवायचं, हे करायला काहीच लागत नाही. 'बाप ऑफ चार्ट' नावाने कोर्स विकणाऱ्याच्या प्रकरणात सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढून सुमारे १७ कोटी रुपये जप्त करायला सांगितले. त्या आदेशानुसार नफ्याचे ट्रेड लोकांना दाखवले जात होते आणि जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्या व्यक्तीचा स्वतःचा ट्रेडिंगमधला निव्वळ तोटा होता २ कोटी ८९ लाख. कोर्सची कमाई मात्र जोरात. म्हणून सगळ्या खात्यांचा मिळून, किमान तीन आर्थिक वर्षांचा, ब्रोकरच्या साइटवर समोर लॉगिन करून दाखवलेला टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचा अहवाल) मागा. मागायला संकोच करू नका. तुम्ही ६० हजार देताय.

आणि 'माझ्या लिंकवरूनच डिमॅट उघडा' अशी अट असेल तर तिथेच थांबा. तुमच्या ब्रोकरेजमधला वाटा त्यांना मिळत असेल तर तुम्ही जितके जास्त ट्रेड कराल तितकी त्यांची कमाई. असा माणूस तुम्हाला 'आज ट्रेड करू नका' हे वाक्य कधी म्हणेल? माझ्या मते शिकवणाऱ्याने उच्चारायचं सगळ्यात मौल्यवान वाक्य तेच आहे. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा, 'नफ्यात अर्धा-अर्धा, खातं मी चालवतो' म्हणणारा, परदेशी फॉरेक्स ॲपवर न्यायला बघणारा, हे तर चर्चेच्याही लायकीचे नाहीत. पैसे अडकलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? नवे ट्रेड महिनाभर थांबवले असते आणि दीड वर्षाचा ट्रेडबुक ब्रोकरकडून डाउनलोड करून एक्सेलमध्ये टाकला असता. तारीख, वेळ, एंट्री, एक्झिट, क्वांटिटी, खर्च वजा जाऊन हाती आलेली रक्कम. शेजारी दोन रकाने हाताने भरायचे: का घेतला, आणि ठरवलेल्या जागी सोडला का. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा, तीही माहितीच आहे. मग तोट्याप्रमाणे क्रम लावा, वारानुसार बघा, वेळेनुसार बघा. दोन-तीन रविवार जातील. माझा अंदाज आहे की तुमच्या तोट्याचा निम्म्याहून जास्त भाग मोजक्या ट्रेडमध्ये सापडेल.

एक हिशेब आत्ताच करा. २ लाखांवर एका ट्रेडला १ टक्का रिस्क म्हणजे २,००० रुपये. निफ्टीचा लॉट ७५ चा धरला (२०२५ मध्ये तो तेवढा होता) तर प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनच्या भावात, २६ रुपयांचा स्टॉपलॉस बसतो; त्याहून भाव पडला की बाहेर पडायचं. ॲट-द-मनी (निफ्टीच्या चालू पातळीजवळच्या) ऑप्शनचा भाव निफ्टीच्या साधारण निम्म्याने हलतो, म्हणून ते निफ्टीचे साधारण ५० पॉइंट होतात, आणि निफ्टी तेवढा कित्येकदा काही मिनिटांत हलतो. म्हणजे एक लॉटसुद्धा तुमच्या भांडवलाला जड आहे. चांगला मेंटॉर पहिल्याच भेटीत हे सांगेल आणि कॅशमध्ये, डिलिव्हरीत (शेअर पूर्ण पैसे देऊन घेत), थोड्या क्वांटिटीवर सराव करायला लावेल. हे ऐकून कंटाळा येणार असेल तर तेही स्वतःशी आत्ताच स्पष्ट केलेलं बरं, कारण मग ओढ शिकण्याची नसून एक्सपायरीच्या थराराची आहे, आणि त्यावर ट्रेडिंगच्या मेंटॉरकडे औषध नाही.

पायाभूत अभ्यासासाठी झेरोधा या ब्रोकरची व्हर्सिटी ही ऑनलाइन शिकवणी फुकट आहे, इंग्रजीत आणि हिंदीत. सेबीने उभारलेल्या एनआयएसएम या संस्थेची इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची (फ्युचर्स-ऑप्शनची) सर्टिफिकेशन परीक्षा या ६० हजारांच्या मानाने किरकोळ फीत होते. तिने नफा होणार नाही, पण मार्जिन, सेटलमेंट, ऑप्शनचा भाव कशाने हलतो हे पक्कं होतं, आणि कुणी समोर थापा मारत असेल तर ते कळायला लागतं.

एवढं झाल्यावर मेंटॉर शोधा आणि त्याला ती एक्सेल फाइल पाठवा. एका बैठकीचे पैसे द्या, पॅकेज घेऊ नका. त्याने फाइल उघडून तुम्हाला प्रश्न विचारले, तुमच्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवलं, तर दुसऱ्या बैठकीचे पैसे खुशाल द्या. फाइल न बघता स्वतःचा चार्ट उघडून शिकवायला लागला तर तिथेच थांबा. तुमच्या सध्याच्या सरांनाही हीच फाइल पाठवून बघायला हरकत नाही, ६० हजार देण्याआधी.