एनएफएलमधला नवखा खेळाडू 'आपला' म्हणून कसा निवडायचा?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत नवीन आहात, ऑफिसात एप्रिलपासून एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) गप्पा रंगल्यात, ज्याचा त्याचा एक लाडका रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) ठरलेला आहे. तुम्हाला खेळ अर्धाच कळतो, टीमही ठरलेली नाही. मग कोणाला निवडायचं आणि कशावरून?

माझं उत्तर: क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) सोडून कोणीही, आणि शक्यतो पहिल्या फेरीतला नको. का ते सांगतो.

आधी माझा कल सांगून टाकतो. मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. गाड्यांच्या धंद्यामुळे पुण्या-चाकणकडून आलेली मराठी मंडळी इथे बरीच आहेत, आणि इथे आलं की लायन्स ही टीम आपोआप गळ्यात पडते. 2008 साली सोळापैकी सोळा सामने हरलेली टीम. पदरी पडलं पवित्र झालं! त्यामुळे पुढची बरीच उदाहरणं लायन्सचीच येतील, सांभाळून घ्या.

ड्राफ्ट समजून घेताना आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढून टाका. इथे बोली लागत नाही. 32 टीम्स, सात फेऱ्या, आणि आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. कॉलेजमधून येणाऱ्या पोराला आपली टीम निवडता येत नाही, टीमच त्याला निवडते. कितव्या नंबरवर नाव पुकारलं गेलं यावरून पगारही जवळपास ठरून जातो आणि करार चार वर्षांचा असतो. चाहत्याच्या दृष्टीने हे चार वर्षांचं कलम महत्त्वाचं. नीट खेळला तर पोरगा चार वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर राहतो. मुरलेला खेळाडू मात्र करार संपला की मार्चमध्ये कधी कुठे निघून जाईल, सांगता येत नाही.

ज्यांचं नाव सातही फेऱ्यांत येत नाही त्यांनाही फोन जातात, कॅम्पला बोलावणं येतं. उन्हाळ्यात प्रत्येक टीमकडे नव्वद जण असतात आणि ऑगस्ट संपता संपता त्यातले त्रेपन्न उरतात. खरी गंमत या गाळणीत आहे. पहिल्या फेरीतल्या मुलाची जागा पक्की असते. पाचव्या-सहाव्या फेरीतला मात्र रोज सकाळी नोकरी वाचवायला मैदानात उतरतो. त्याच्यासाठी जीव टांगणीला लावून बघितलेला सरावसामनासुद्धा रंगतो. एरवी ऑगस्टमधले ते सामने बघवत नाहीत.

आता क्वार्टरबॅक का नको? एक तर तो सगळ्यांचाच लाडका असतो, तुमची त्यात भर कशाला. दुसरं म्हणजे त्याचं पहिलं वर्ष त्याच्या हातात फार कमी असतं. 2024 चा ड्राफ्ट आमच्या डेट्रॉईटलाच झाला. पहिल्या नंबरवर शिकागो बेअर्सनी केलेब विल्यम्सला घेतलं, दुसऱ्यावर वॉशिंग्टननी जेडन डॅनियल्सला. ऑक्टोबरअखेर दोघं समोरासमोर आले. शेवटच्या डावाला (इथे डाव म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल) बेअर्स 15-12 ने पुढे होते. डॅनियल्सने बराच वेळ इकडून तिकडे पळत काढला आणि चेंडू आभाळात भिरकावला. तिकडे बेअर्सचा टिरीक स्टीव्हन्सन हा बचावपटू डाव सुरू झाला तरी प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना चिडवण्यात दंग होता. भानावर येऊन तो धावला, उडी मारली, चेंडूला हात लावला, आणि त्याच्याच हाताला लागून उडालेला चेंडू मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद पडला. वॉशिंग्टन 18-15. हा धरून बेअर्स ओळीने दहा सामने हरले. मोसमाच्या मध्येच त्यांचा आक्रमणाचा प्रशिक्षक गेला, मग मुख्य प्रशिक्षकही गेला, आणि विल्यम्सला वर्षभरात 68 वेळा चेंडूसकट आडवं पाडलं गेलं. डॅनियल्स सर्वोत्तम आक्रमक रुकी ठरला आणि जानेवारीत आमच्या घरी येऊन लायन्सना 45-31 ने घरी बसवून गेला. (त्या वर्षी आम्ही 15 जिंकून 2 च हरलो होतो. असो.) दोन्ही पोरं गुणी होती. पण डॅनियल्सच्या पुढे अडवणाऱ्यांची भिंत होती आणि विल्यम्सच्या पुढे नुसता पडदा. शिकागोतल्या विल्यम्सभक्ताने वर्षभर नुसता नशिबाला बोल लावला, खेळ त्याला काही नवा कळला नाही.

मला तुम्हाला सुचवायचंय ते हेच. रुकी हा खेळ शिकायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. तोही शिकत असतो, तुम्हीही. फक्त चेंडूवरची नजर काढून त्याच्यावर ठेवायची, इतकंच.

उदाहरणार्थ पेनेई सुवेल. अमेरिकन सामोआत जन्मलेला, ओरेगन विद्यापीठातून आलेला टॅकल. 2021 ला सातव्या नंबरवर लायन्सना मिळाला, तेव्हा आमचा जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स खोलीत अक्षरशः किंचाळला, त्याचा व्हिडिओ गाजलेला आहे. (पहिल्या फेरीतला नको म्हणालो खरा, पण टॅकलला माफ. त्यांच्याकडे बघतो कोण!) टॅकलचं काम एकच, क्वार्टरबॅकपर्यंत कोणाला पोचू द्यायचं नाही. कॉलेजात तो डावीकडे खेळायचा, लायन्सनी त्याला उजवीकडे घातलं. सरावसामन्यांत पोराची त्रेधा उडाली. बाजू बदलली की पुढचा पाय मागचा होतो, कुठला हात आधी मारायचा तेही बदलतं. तेवढ्यात डावीकडच्या टेलर डेकरच्या बोटाला दुखापत झाली, आणि हा विशीतला मुलगा पहिल्याच सामन्यात पुन्हा डावीकडे, समोर क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा सॅन फ्रान्सिस्कोचा निक बोसा. मी तो सामना जवळजवळ सगळा सुवेलकडे बघत बघितला. चेंडू सुटला की तो मागे सरकताना पावलं किती छोटी टाकतो, बोसा बाहेरून वळसा घालायला गेला की त्याला आणखी बाहेर ढकलत क्वार्टरबॅकच्या मागून कसं काढून देतो, हे एकदा दिसायला लागलं की टॅकलकडे न बघता सामना बघवत नाही. लायन्स हरले, ते अपेक्षितच होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरात मिनेसोटाविरुद्ध सामना संपत आलेला असताना लायन्सनी चक्क या दीडशे किलोच्या आसपासच्या गड्याकडे पास फेकला आणि त्याने तो झेलून नऊ यार्ड काढले. सगळं स्टेडियम वेडं झालं. ज्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून बघितलं होतं त्यांचं वेड जरा वरच्या पट्टीतलं होतं.

त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, 112 व्या नंबरवर, लायन्सनी आमोन-रा सेंट ब्राउन नावाचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) घेतला. त्याच्याआधी सोळा रिसीव्हर निवडले गेले होते. ती सोळाही नावं, कोणत्या कॉलेजचा आणि कोणत्या टीमने घेतला यासकट, तो आजही ओळीने घडाघडा म्हणून दाखवतो. वडील जॉन ब्राउन हे शरीरसौष्ठवातले माजी मिस्टर युनिव्हर्स, आई जर्मन, भाऊही एनएफएलमध्ये खेळलेला. आता सांगा, असा माणूस निवडायला आणखी कुठली आकडेवारी लागते?

त्याचं पहिलं वर्ष मात्र आधी रटाळच गेलं. लायन्स अकरा सामन्यांत एकही जिंकले नव्हते, एक बरोबरीत. आमोन-राच्या नावावर एकही टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, पोचवणं) नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या जवळच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, चार मुलं गेली. इथे सगळ्यांची मनं जड होती, फुटबॉलकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रविवारी, 5 डिसेंबरला, मिनेसोटाविरुद्ध शेवटचे चार सेकंद उरले तेव्हा लायन्स 23-27 ने मागे होते. चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, आणि एंड झोन अकरा यार्ड लांब. आमचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने चेंडू फेकला तो आमोन-राकडे. एंड झोनमध्ये झेल, घड्याळात शून्य, 29-27. त्याचा पहिला टचडाउन आणि टीमचा त्या मोसमातला पहिला विजय, दोन्ही एकाच चेंडूवर. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेलने तो सामना ऑक्सफर्डच्या लोकांना अर्पण केला. मोसम संपला तेव्हा आमोन-राचे झेल झाले होते 90, लायन्सच्या रुकींमधला विक्रम. टॅकलसारखंच रिसीव्हरकडेही चेंडू नसताना बघा. धावण्याचा डाव असला की हा गडी आपल्यापेक्षा थोराड बचावपटूंच्या अंगावर धावून त्यांना अडवतो. त्या कामाचे गुण पेपरात छापून येत नाहीत.

नव्याचे नऊ दिवस असंही होतं, त्याची तयारी ठेवा. 2022 ला सहाव्या फेरीत आलेला जेम्स ह्यूस्टन थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात पहिल्यांदा उतरला आणि सात सामन्यांत आठ सॅक करून (म्हणजे क्वार्टरबॅकला आठ वेळा चेंडूसकट पाडून) गेला. आमच्या गल्लीत त्याच्या नावाचा जप चालला होता. पुढच्या सप्टेंबरात घोटा मोडला, मग ती धार काही परत आली नाही, आणि 2024 च्या नोव्हेंबरात टीमने त्याला सोडून दिलं. तरी ते सात सामने ज्यांनी बघितले, ते अजून त्याची चौकशी करतात.

म्हणून पहिल्या वर्षी जर्सी घेऊ नका. सव्वाशे-दीडशे डॉलर जातात, आणि माणूस टिकला तरी त्याचा नंबर टिकेल असं नाही. लायन्सचाच जमीर गिब्ज 26 घालून आला आणि नंतर शून्य घेऊन बसला, 26 वाल्या जर्सी लोकांच्या कपाटात. साधा निळा टी-शर्ट घ्या, पाच वर्षं पुरतो.

गावचा पोरगा निवडणं हाही एक चांगला मार्ग आहे. आयझॅक टेस्ला हा मिशिगनमधल्या हडसनव्हिलचा, लहानपणापासून लायन्सचा चाहता. सुरुवात हिल्सडेलसारख्या छोट्या कॉलेजातून, तिथून आर्कान्सा, आणि 2025 ला तिसऱ्या फेरीत लायन्स. पहिल्याच सामन्यात ग्रीन बेला त्याने एका हाताने टचडाउन झेलला. आम्ही हरलो, पण सोमवारी ऑफिसात चर्चा त्या झेलाचीच. तुम्ही ज्या राज्यात असाल तिथला असा कोणीतरी दरवर्षी सापडतो.

आपल्या रक्ताचा कोणी सापडतो का ते शोधत बसाल तर मात्र वर्षानुवर्षं रिकामे बसाल. ब्रँडन चिलर, वडील भारतीय, 2004 ला चौथ्या फेरीत सेंट लुईस रॅम्सनी घेतला होता, आणि पुढे ग्रीन बेकडे गेला. त्यानंतर यादी फारशी लांबत नाही. त्यापेक्षा आपल्यासारखाच परका बघा. ऑस्ट्रेलियाचा जॉर्डन मायलाटा रग्बी लीग खेळायचा. 2018 ला फिलाडेल्फियाने सातव्या फेरीत घेतला तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. नियम शिकण्यापासून सुरुवात. पहिली दोन वर्षं तो सामन्यात दिसलाच नाही, मग डावा टॅकल झाला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. तुमचं खेळाचं ज्ञान अर्धवट असलं तरी मायलाटाच्या तेव्हाच्या ज्ञानापेक्षा जास्तच आहे.

जमलं तर जुलैअखेर जवळच्या टीमच्या कॅम्पला जा. काही सराव लोकांसाठी खुले असतात. आमचा ॲलन पार्कला असतो. सराव संपला की मोठे खेळाडू हात हलवत आत जातात आणि रुकी त्यांची हेल्मेटं, खांद्याची पॅडं गळ्यात-काखेत अडकवून मागून घामाघूम चालत येतात. कुंपणाला पोरं सह्यांसाठी लोंबकळत असतात. ओझं खाली ठेवून सही करायला कोण थांबतो, कोण मान खाली घालून निघून जातो, हे तिथेच बघून घ्यावं. रुकींनी सगळ्या टीमसमोर गाणं म्हणायचीही प्रथा आहे. 2022 ला एडन हचिन्सनने, म्हणजे इथल्याच मिशिगन विद्यापीठाच्या पोराने, एक जुनं पॉप गाणं असं काही म्हटलं की अख्खी टीम उठून नाचायला लागली. टीव्हीवर ते बघून आमच्या घरी जिला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं तीही त्याची चाहती झाली. दुसऱ्या नंबरवर निवडलेला होता, म्हणजे माझा नियम तिने पहिल्याच दिवशी मोडला.

आणि ऑफिसवाले फँटसी लीगसाठी विचारत असतील तर वरचं सगळं विसरा. तिथे टॅकलला गुण नाहीत. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घ्या, टीमच्या क्रमात ज्याच्यापुढे दुसरा कोणी नाही असा.