आकडा शहराचा, रस्ता मुलीचा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक मध्यम आकाराच्या, विद्यापीठाभोवतीच वाढलेल्या शहरात, मृदाशास्त्रातली पीएचडी, असिस्टंटशिपसह. म्हणजे फी माफ आणि वर दरमहा विद्यावेतन. दुसरा मोठ्या शहरात, मावशीच्या घराजवळ, पण एमएससाठी आणि सगळा खर्च आपला. पहिल्या शहरात वर्षभरात खून दुप्पट झाले आणि हिंसक गुन्ह्यांचा दरही वर गेला, हे तुमच्या दिरांनी शोधून काढल्यापासून घरात कुणाला नीट झोप नाही. तुम्ही विचारता, "पैसे वाचवायला पोरीला अशा ठिकाणी धाडायचं का?"

भीती खोटी नाही. त्या देशात बंदुका आहेत, आणि 2020 साली तिथे खुनांची संख्या एका वर्षात जवळपास 30 टक्क्यांनी वाढली होती, हेही खरं. मात्र 2023 आणि 2024 मध्ये ती मोठ्या प्रमाणात उतरली. आता लहान शहराच्या आकड्याचं बघा. लाखभर वस्तीच्या गावात एका वर्षी दोन खून झाले आणि पुढच्या वर्षी चार, तर बातमी "शंभर टक्के वाढ" अशीच होणार. एका घरात घडलेली एकच भयंकर घटनासुद्धा हा फरक पाडू शकते. म्हणून अशा शहराचं एक वर्ष दुसऱ्या वर्षाशी ताडू नका. पाच-सात वर्षांचे आकडे एका रेषेत मांडा आणि रेष कुठे चालली आहे ते बघा.

एफबीआय, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था, देशभरच्या पोलिसांचे आकडे गोळा करते. तिच्या हिशोबात "हिंसक गुन्हे" म्हणजे खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर मारहाण. देशभराच्या आकड्यात यातला सर्वांत मोठा वाटा मारहाणीचा असतो. विद्यापीठाच्या शहरात ही मारहाण कुठे होते, हे विचारायला हवं. बरीचशी शुक्रवार-शनिवारच्या रात्री, बारच्या गल्लीत, दारू प्यायलेल्या तरुण मुलांमध्ये होते. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी तर शहराची वस्तीच बदलते. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या शहराची लोकसंख्या सुमारे 40 हजार, आणि तिथल्या स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर. पाहुण्यांनी केलेली हाणामारी शहराच्या गुन्ह्यांत धरली जाते, पण भागाकार करताना पाहुणे लोकसंख्येत नसतात. दर लाखामागचा आकडा अशानेही फुगतो. शहरांची क्रमवारी लावू नका, असं एफबीआय वर्षानुवर्षं सांगत आली आहे ते काही उगाच नाही.

आणखी एक गुंता 2021 चा. त्या वर्षी एफबीआयने गुन्हे नोंदवण्याची जुनी पद्धत बंद करून नवी आणली. पूर्वी एका घटनेत अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जाई, आता सगळे नोंदवले जातात. शिवाय अनेक पोलिस खात्यांचे त्या वर्षीचे आकडे पोचलेच नाहीत. तेव्हा दिरांच्या तक्त्यात तुलना 2021 शी असेल, तर ती बाजूला ठेवा.

आता उपयोगाचा कागद सांगते. 1986 मध्ये जीन क्लेरी या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीचा पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात तिच्याच वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांनी नेटाने पाठपुरावा केला आणि 1990 मध्ये क्लेरी कायदा आला. त्यामुळे सरकारी अर्थसाहाय्य योजनांत असलेल्या प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल काढावा लागतो, त्यात मागच्या तीन वर्षांचे गुन्हे असतात. विद्यापीठाचं स्वतःचं पोलिस खातं असेल तर रोजची गुन्हे-नोंदही लोकांना पाहता आली पाहिजे. दोन्ही विद्यापीठांचे अहवाल काढा. वाचताना एक ध्यानात ठेवा, लैंगिक अत्याचाराच्या रकान्यात शून्य दिसलं तर मी निश्चिंत होत नाही, उलट काळजीत पडते. हा गुन्हा सगळीकडेच कमी नोंदवला जातो. जिथे मुलींना तक्रार करायला जागा आणि माणसं मिळतात, तिथे आकडा वर जातो. आणि बहुतेक वेळा अत्याचार करणारा ओळखीचाच असतो. अंधाऱ्या रस्त्याबद्दल आपण मुलींशी खूप बोलतो, ओळखीच्या माणसाच्या पार्टीबद्दल बोलत नाही. ते बोलणं तुम्ही करा, ताई. अवघड वाटेल, तरी करा.

या अहवालात एक मोठी फट आहे. कॅम्पसबाहेरची खासगी भाड्याची घरं त्यात येत नाहीत, आणि पीएचडीची मुलं बहुतेक तिथेच राहतात. म्हणून शहराचा दर मी दुय्यम मानते. प्रयोगशाळेपासून घरापर्यंतचा रस्ता पाहते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने भाडं कमी म्हणून बसच्या शेवटच्या थांब्यावर घर घेतलं होतं. प्रयोग रात्री अकराला संपायचा, शेवटची बस दहाला. सहा महिने ती रोज जीव मुठीत धरून चालत गेली आणि घरी कुणाला बोलली नाही. शहर देखणं, शांत होतं, गुन्ह्यांचा दरही कमीच होता.

तेव्हा घर ठरवण्याआधी तिने त्याच विभागातल्या दोन-तीन विद्यार्थिनींना गाठावं. प्राध्यापकांना विचारून उपयोग नाही, ते गाडीने जातात. रात्री बस कितीपर्यंत असते, विद्यापीठाची रात्री घरी सोडणारी गाडी खरोखर येते का आणि किती वेळ ताटकळायला लावते, कुठल्या गल्लीत त्या स्वतः घर घेणार नाहीत, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळेल. पहिलं वर्ष विद्यापीठाच्याच निवासात काढता आलं तर उत्तम, थोडं महाग पडलं तरी.

माझं मत विचारलंत, तर पीएचडीचा प्रवेश नुसत्या या तक्त्यावरून सोडू नका. पाच वर्षांचं विद्यावेतन आणि संशोधनाची संधी एका बाजूला, आणि दुसरीकडे डोक्यावर कर्ज. त्या कर्जापायी मुली स्वस्त, लांबची घरं घेतात आणि रात्रीची कामं धरतात, तोही धोकाच आहे. मावशी जवळ असणं मोलाचं, पण मावशी रोज रात्री न्यायला येणार नाही.

तुमच्या पत्रात तुमचं म्हणणं आहे, दिरांचं आहे, मावशीचंही आहे. मुलीचं एक वाक्य नाही. असिस्टंटशिपला होकार कळवायला बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात, तुमच्या ऑफर लेटरवरची तारीख तेवढी बघून घ्या. तोवर दोन्ही अहवाल तिलाच वाचू द्या, फोनही तिलाच करू द्या. मग तिने निवडलेल्या घरांचे पत्ते आणि तिचं स्वतःचं पत्र मला पाठवा. नकाशा उघडून आपण तिघी मिळून ते रस्ते पाहू.