लिथियम घेऊन एडिनबराला येणाऱ्या मुलीला

तू लिहिलंयस की सप्टेंबरमध्ये एम.एससी.साठी एडिनबराला निघतेयस, बायपोलरचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल उदासी आणणाऱ्या आजाराचं, निदान होऊन दोन वर्षं झाली, लिथियमच्या गोळ्यांवर बरी आहेस. आणि आई म्हणतेय, 'तिकडे सगळं नवं, आता त्या गोळ्या सोड.' मी इंदूरच्या रामबागेतली. अकरा वर्षं झाली इथे एडिनबरात, आणि आजार तुझाच. म्हणून जरा लांबण लागेल.

गोळ्या सोडू नकोस. मी सोडल्या होत्या. पहिला हिवाळा बरा गेला म्हणून मे महिन्यात, कुणाला न विचारता. इथे जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो. तीन तास झोपून मी टवटवीत उठायचे. क्रेडिट कार्ड रिकामं झालं, गाइडला रात्री तीन वाजता अकरा पानी मेल गेली. मला वाटे, इंदूरच्या सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, दोन वाजता तळलेला गराडू कंद खाताना अंगात येते तीच रौनक आहे ही. नंतर पाच आठवडे वॉर्डात काढले. लिथियम एकदम तोडलं की उन्माद उसळून येतो, हे मला तिथे कळलं.

आईला असं समजाव. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी चित्र बघण्यापेक्षा उजेड किती आहे तेच मोजतात. ती खबर जाते मेंदूतल्या एका इवल्याशा पुंजक्याकडे, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर. झोप, भूक, हार्मोन सगळं या घड्याळावर चालतं. आपल्या आजारात ते पटकन बिघडतं. इंदूरला डिसेंबरचा सगळ्यात छोटा दिवसही पावणेअकरा तासांचा असतो, इथे जेमतेम सातांचा. मनाच्या ताकदीचा इथे संबंध नाही. लिथियम हे मिठासारखं साधं क्षार. १९४९मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केडनी ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि अजूनही आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या औषधांत त्याचं नाव वर आहे.

आता तुझ्या फ्लाइटचं. सप्टेंबरमध्ये इथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं. संध्याकाळी सात वाजताच डोळे मिटायला लागतील आणि रात्री दोनला टक्क जाग येईल. पहिल्या आठवड्यातल्या फ्रेशर्स पार्ट्या सोडून दे. लोक शिष्ट म्हणतील, म्हणू देत. सलग दोन रात्री कमी झोपूनही थकवा वाटला नाही, तर तो आनंद समजू नकोस. डॉक्टरांना फोन लाव.

सामानाचं बोलू. तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांच्या पत्रात कंपनीचं नाव, औषधाचं मूळ नाव आणि डोस, तिन्ही हवं, कारण ब्रँड बदलला की रक्तातली पातळीही बदलू शकते. सोबत शेवटचा लिथियम, किडनी आणि थायरॉइडचा रिपोर्ट. रक्तातली लिथियमची लेव्हल साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) ठेवतात, पण तुझा आकडा तुझ्या डॉक्टरांकडूनच घे. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्याआधी घ्यायची नाही. १.५च्या वर गेलं की विषबाधेची भीती. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण इंदूरवाले शेव, जिरावनचा खारट मसाला, नमकीन यांवर वाढलेले. हॉस्टेलच्या फिक्या जेवणाने मीठ एकदम घटलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. म्हणून जिरावनचं पाकीट आण, हा निव्वळ लाड नाही. मात्र उगाच मीठ वाढवूही नकोस, जेवण रोज साधारण सारखं ठेव. जुलाब, ताप, पाणी कमी पिणं, यानेही तेच होतं. पेटीतली कॉम्बिफ्लॅम काढून टाक, तिच्यातलं आयबुप्रोफेन पातळी चढवतं. अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल पुरे.

उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव, गोळ्या संपायची वाट बघू नकोस. स्कॉटलंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला पैसे लागत नाहीत, व्हिसाबरोबर आरोग्याचा सरचार्ज तू भरलेलाच असतो. नोव्हेंबरात उदास वाटून गेलीस तर तोंडातून पहिला शब्द 'बायपोलर' निघू दे. इंदूरला मला आधी नुसती डिप्रेशनची गोळी मिळाली होती. कधी झोप न लागता उत्साह आला होता का, हे कुणी विचारलंच नाही, आणि तीन आठवड्यांत मी हवेत. तेच दहा हजार लक्सच्या, उपचाराच्या प्रखर दिव्याचं. हिवाळ्यातल्या उदासीला तो चालतो, आपल्याला उन्मादाकडेही ढकलू शकतो, तेव्हा मनाने ऑर्डर करू नकोस.

विद्यापीठाला सांग. डिसॅबिलिटी विभागात नाव असलं तर सबमिशनची मुदत वाढवून घेणं सोपं जातं, वर्गात कुणाला कळत नाही. मी लाजेपायी दोन वर्षं टाळलं आणि एक सेमिस्टर घालवलं. डॉक्टरांचं पत्र या महिन्यातच मागून घे, आणि त्यांना आईसमोर एकदा बोलायला सांग. माझं कुणी ऐकलं नव्हतं, त्यांचं ऐकलं.