नव्या विश्वासणाऱ्याला: आधी एवढं पुरे

जय ख्रिस्त! बाप्तिस्मा झाला, आता पवित्र जीवन कसं जगायचं, असं विचारलंस. बरं केलंस. बायबलमध्ये इब्री 12:14 (अध्याय 12, वचन 14) काढून बघ. सर्वांबरोबर शांती आणि पवित्रता, दोन्हींच्या मागे लागायला एकाच वचनात सांगितलंय. नवे लोक बहुधा एकच उचलतात. पवित्रतेच्या नावाखाली घरच्यांचे दोष काढत बसतात, नाहीतर वाद नको म्हणून खोट्यालाही मान डोलावतात.

सध्या एवढं धर:

- रोज मार्कच्या शुभवर्तमानातला छोटा उतारा वाच आणि प्रार्थना कर. 16 च अध्याय आहेत. प्रकटीकरणाला, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला, इतक्यात हात लावू नकोस, सगळे तिथेच आधी उडी मारतात!
- कुणाशी बिनसलं असेल तर आपण होऊन जा. मत्तय 5:23-24 मध्ये येशू अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. म्हणजे रविवारी नाशिकच्या शरणपूरला चर्चमध्ये उपासनेला निघण्याआधी, शनिवारीच फोन कर. समोरच्याने उचललाच नाही तर? रोम 12:18 तुझ्याकडून होईल तेवढंच मागतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा कर.
- सातपूरला कंपनीत आहेस ना? हजेरी आणि मोजमाप खरं लिही.

आई रामकुंडावर जाते म्हणून तिच्याशी हुज्जत तर अजिबात घालू नकोस. तिची औषधं वेळेवर आण, तिच्याशी नीट बोल.

उपास, दशमांश (कमाईचा दहावा भाग देणं), मोठी सेवा हे नंतर पाळकांशी बसून बोलू.