बैठकीत सगळे ‘हो’ म्हणतात, काम मात्र अडतं

प्रश्न : माझ्या टीममध्ये चार देशांचे लोक आहेत. काही जण प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणतात, पण काम होत नाही. काय करावं?

उत्तर : तो ‘हो’ बहुतेकदा ‘ऐकलं’ एवढाच असतो. डच अभ्यासक हॉफस्टेड यांनी आयबीएममधल्या १९६७ ते १९७३ च्या पाहण्यांवरून देशोदेशींचं ‘सत्ता-अंतर’ मोजलं, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधली अधिकाराची दरी लोक किती गृहीत धरतात ते. हे अंतर जास्त असेल तिथे वरिष्ठाला चारचौघांत खोडून काढणं उद्धटपणा ठरतो. (ते आकडे समूहाची सरासरी सांगतात, त्यावरून एखादा माणूस जोखू नका.)

‘जमेल ना?’ हा प्रश्नच टाळा, ‘कुठे अडेल?’ असं विचारा. विषय आदल्या दिवशी लेखी पाठवा. आधी कनिष्ठांना बोलू द्या, तुमचं मत शेवटी. शांतता पसरली तर दहा सेकंद तरी थांबा. तरीही कुणी गप्पच राहिलं, तर नंतर एकट्याला भेटून विचारा.