रात्री दोनची ड्यूटी

"मॅडम, दारू सोडवायचं ॲप आलंय म्हणे मोबाइलवर. तेवढं टाकून दिलं तर भागंल का?"

कधी बायको विचारते, कधी मुलगा. एकदा तर सासऱ्यांनी जावयासाठी विचारलं होतं. विचारणारे बहुतेक फौजींच्या घरातले. साताऱ्यात समुपदेशन करायचं म्हणजे फौजी घरं टाळून चालतच नाही. 'अपशिंगे मिलिटरी' नावाचं गावच आहे आमच्याकडे, आणि पेन्शनवर आलेल्या साध्या शिपायालाही गावात सगळे 'मेजर' म्हणतात. आता मेजर म्हटल्यावर त्याने "मला झोप लागत नाही, फटाका वाजला की अंग कापतं" हे सांगायचं कुणाला? मोबाइलला सांगायला लाज वाटत नाही. म्हणून मी या प्रश्नाला हसत नाही. पण एका शब्दात उत्तरही देत नाही. एका मेजरांची हकिकत सांगते, त्यांना विचारून आणि ओळख लागेल असे तपशील बदलून.

हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वय सेहेचाळीस. चोवीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी काश्मीरमध्ये. आता गावाकडे थोडी शेती, दोन म्हशी. पहिल्यांदा आले तेव्हा बायको आणि बीएस्सीला असलेली मुलगी बरोबर होती. बसण्याआधी त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली. पाठ भिंतीकडे, तोंड दाराकडे. मी काही बोलले नाही. अशा सरकवलेल्या खुर्च्या मी पुष्कळ पाहिल्यात, आणि पुढच्या वेळेपासून ती आधीच भिंतीला लावून ठेवते.

"दारू किती घेता?"

"लिमिटमध्ये."

"लिमिट म्हणजे?"

"दोन."

बायको खाली बघत होती. मुलीने मोबाइल काढला. तिनेच नेटवर शोधून 'व्हेटचेंज' नावाचं ॲप वडिलांच्या फोनवर टाकलं होतं. मी तोवर त्याबद्दल फक्त वाचलं होतं. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, मनावर आघात घेऊन आलेल्या आणि दारू वाढलेल्या सैनिकांसाठी ते अमेरिकेत तयार झालं. आधी ती वेबसाइट होती. सहाशे माजी सैनिकांवर तिचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. या लोकांना गाठलं होतं फेसबुकवरून, कारण दवाखान्याची पायरी चढायला ते तयार नसतात, तिकडेही. ज्यांना ती लगेच वापरायला दिली त्यांची दारू, नंतर द्यायचं म्हणून थांबवून ठेवलेल्यांपेक्षा जास्त कमी झाली. आघाताची लक्षणंही उतरली.

मला यातली एक गोष्ट फार पटते. आपल्याकडे अजून ऐकू येतं, "आधी दारू सोडा, मग बाकीचं बघू." मी कधीच असं मानलं नाही. माणूस ज्या दुखण्यावर दारूचा लेप लावतोय, ते दुखणं न बघता लेप खरवडून काढायचा? दोन्ही एकदमच धरावं लागतं. या ॲपमध्ये दारूची नोंद आणि राग, झोप, आठवणी यांच्यावरचे उपाय शेजारीशेजारी आहेत. कुणीतरी अमेरिकेत बसून माझ्यासारखाच विचार केला म्हणून जरा बरं वाटलं, हे कबूल करते.

पण ॲप इंग्रजीत. मदतीचे फोन नंबर अमेरिकेतले. आणि त्याचा 'एक ड्रिंक' म्हणजे आपला एक पेग नव्हे. हे मुलीने शोधलं. आपल्याकडच्या रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम मद्यार्क जातो. अमेरिकेचा हिशेब १४ ग्रॅमला एक असा. तिने घरचा स्टीलचा पेला घेतला, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने वडील भरतात तिथपर्यंत पाणी मोजलं. ९० मिली. म्हणजे मेजरांचे 'दोन' म्हणजे लहान सहा पेग, रोज एक चपटी. ॲपच्या भाषेत चारच्या वर.

मेजर टोपणाकडे बघत राहिले. "हे मला कुणी मोजून दाखवलं नव्हतं."

घरच्यांना मी नेहमी सांगते, नोंद ठेवताना आधी पेला मोजा. फौजीच्या घरात कॅन्टीनची बाटली असते, ती गुत्त्यावरची नसते, त्यामुळे घरी बसून प्यायलेली ती दारू नव्हेच, असा सगळ्यांचाच समज असतो. त्यात भावकी: "मेजर, औंदा कोट्यातली एक द्या की." बाटली हा मानाचा विषय होऊन बसतो.

नोंद ठेवायला मेजर तयार नव्हते. कारण तिसऱ्या भेटीत कळलं. "मॅडम, हे कुठं पोचतं का? पलटणीला?" निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी नोकरीतली 'कॅटेगरी डाऊन' होण्याची, म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली जाण्याची, भीती अंगातून गेली नव्हती. डोक्याचं काही कागदावर आलं की संपलं, हे चोवीस वर्षं त्यांनी पाहिलेलं. त्यांना म्हटलं, ॲपमध्ये तुमचं नाव टाकायची गरज नाही, नोंद तुमच्याच फोनवर राहील, आणि मला दाखवायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. दाखवू नका म्हटल्यावर माणूस दाखवतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी विचारली होती, तीही सांगते, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. "सकाळी हात थरथरतात का? एखादा दिवस चुकला तर घाम, उलटी, कधी फिट?" तसं असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. माजी सैनिकांना ईसीएचएसच्या, म्हणजे त्यांच्यासाठीच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवता येतं. दाखल व्हायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडणं धोक्याचं असतं. 'श्रावण पाळतो' म्हणून गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद करणाऱ्यांची मला दरवर्षी धास्ती वाटते. मेजर म्हणाले, थरथर नाही. शनिवारी मारुतीचा वार, त्या दिवशी घेतच नाही, काही होत नाही.

तो शनिवार मी मनात बाजूला ठेवला.

पाच आठवड्यांनी त्यांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला. काचेला कोपऱ्यात तडा. "बघा." किती प्याले ते आकडे मी चाळलेच नाहीत. वेळा बघितल्या. रात्री दहाला एक पेला. मग २:०५. २:२०. १:५०. २:१०. पुन्हा २:१०.

"रात्री दोनला परत घेता?"

"झोप मोडते. घेतल्याशिवाय परत लागत नाही."

"स्वप्नं?"

"असतातच." यापुढे त्यांनी कधी सविस्तर सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. सगळं उकरून काढल्याशिवाय बरं होत नाही, हाही एक गैरसमजच.

"आणि शनिवारी दोन वाजता?"

त्यांनी फोन घेतला, बोटाने खाली-वर केलं. "शनिवारी नोंद नाय."

"दारूची नसणारच. पण उठला होता का?"

बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, ती पिपाणी वाजत होती. "शनिवारी झोप लागायलाच एक वाजतो. मग..." ते थांबले. "मग पहाटे म्हशीच उठवतात."

मी गप्प बसले. समुपदेशकाला बोलण्यापेक्षा गप्प बसायचेच पैसे जास्त मिळायला हवेत, असं मी नवीन मुलींना सांगते. ही गप्प बसायची वेळ होती.

"म्हणजे दहाची उतरली की दोनला जाग येते?"

तेच. दारूने झोप पटकन येते, पण तीन-चार तासांत ती उतरायला लागली की झोप फाटते, आणि वाईट स्वप्नं त्या फाटलेल्या भागात येतात. इतकी वर्षं मेजर समजत होते, स्वप्नामुळे पितो. रोजची दोनची हजेरी दारूच लावत होती. मी हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी "यस मॅडम" म्हटलं असतं आणि घरी जाऊन पेला भरला असता. स्वतःच्या फोनमधल्या स्वतःच्या नोंदीशी कसं भांडणार?

मग मी विचारलं, "दोनला उठल्यावर पहिल्यांदा काय करता? पेल्याच्या आधी?"

"राउंड." गोठा, गेट, मोटारीची पेटी, मागचं दार. टॉर्च उशाशीच असतो. बायको नंतर म्हणाली, "मला वाटायचं, पाणी प्यायला उठत्यात." चार वर्षं.

"राउंड झाल्यावर का नाही झोपता येत?"

या उत्तरासाठी मला या माणसाची कायम आठवण राहील. ते अगदी साधेपणाने म्हणाले, "बदली येत नाही ना, मॅडम."

पहारा देणाऱ्या संत्रीची ड्यूटी दोन तासांची. दुसरा येतो, "सब ठीक" सांगायचं, जागा सोडायची. इथे घरी राउंड मारला तरी जागा घ्यायला कुणी येत नाही. पेला हीच त्यांची बदली होती. मी इतकी वर्षं फौजींबरोबर काम करतेय, पण 'बदली' हा शब्द मला सुचला नसता. तो त्यांच्याकडूनच यायला हवा होता.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिशा मिळाली. बदली कोण देणार? बायको तयार होती, मेजर नव्हते: "तिला ड्यूटीला नाय लावायचं." मग त्यांनीच नाव काढलं. पलटणीतला जोडीदार, आता हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीला. दोनला तो जागाच असतो. ठरलं असं: जाग आली तर राउंड मारायचा, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचं, "गोठा ठीक, गेट ठीक, सब ठीक." त्याने उत्तर द्यायचं, "बदली आली." मग अंथरुणात. पेला नाही. दहाचा पेला टोपणाने मोजून, आधी अर्धा, मग आठवड्यात तीन वार बंद. शनिवार होताच, सोमवार आणि गुरुवार त्यांनी निवडले. देव वाटून घेतले म्हणून मी चेष्टाही केली.

त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कमी करताना पहिले पंधरा-वीस दिवस स्वप्नं वाढतीलसुद्धा. वाढली. एका रात्री मुलीचा मला मेसेज आला. तो मी सकाळी बघितला, रात्री मी फोन बंद ठेवते. म्हणूनच १४४१६, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तासांचा नंबर, मी सगळ्यांच्या फोनमध्ये माझ्यादेखत सेव्ह करायला लावते. ॲपमधल्या अमेरिकेच्या नंबरांचा इथे काय उपयोग? त्या रात्री मुलीने तो लावला आणि वडिलांना फोन दिला. दहा-बारा मिनिटं बोलले म्हणे. काय बोलले ते विचारलं नाही.

पाचव्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात घसरले. वरातीत डीजे, वर आकाशात सुटणारे फटाके, आणि हातात पेला देणारे दहा जण. दुसऱ्या दिवशी त्यांनी ॲपमध्ये खरा आकडा टाकला: नऊ. घरच्यांनी डोक्याला हात लावला. मला मात्र तो नऊ बघून हायसं वाटलं. पहिल्या दिवशी 'दोन' सांगणारा माणूस आता नऊ लिहीत होता. ज्या बायका मला "ॲपमध्ये खोटं लिहितात हो" अशी तक्रार करतात, त्यांना विचारते: खरं लिहिलं तर घरात काय होतं? आकडा बघून भांडण होणार असेल तर आकडा खोटाच येणार. नोंद बघायची असेल तर त्यांनी दाखवल्यावर बघा, आणि एकच विचारा, "त्या वेळी काय चाललं होतं?"

आता मेजर महिन्यातून एकदा येतात. दारू पूर्ण सुटलेली नाही. पंधरवड्यातून एखादा मोजलेला पेला असतो, तो मला सांगतात. ॲप मुलीच्या सांगण्यावरून अजून ठेवलंय, पण हल्ली उघडत नाहीत फारसं. दोनला जाग कधीमधी येते, आली की निरोप जातो.

मागच्या भेटीत उठता उठता म्हणाले, "मॅडम, तुमचा नंबर एकाला देऊ का?"

"कुणाला?"

"हिंजवडीचा. मला बदली देतो, पण सकाळी पाळी सुटली की तो काय करतो, ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं."

त्याला गुरुवारी सुट्टी असते. पुढच्या गुरुवारी सकाळच्या एसटीने येतोय.